रेमिटन्सचा एकूण आकडा हाताशी असताना घरोघर विचारायचं कशाला?

प्रश्न असा आहे: परदेशी गेलेली माणसं घरी किती पैसे पाठवतात, म्हणजे रेमिटन्स किती, हा आकडा मध्यवर्ती बँका नियमित देतात, जागतिक बँक देशवार तक्ते काढते. मग कुटुंबांच्या पाहण्यांची यातायात कशासाठी? आणि करायचीच झाली तर त्यात नेमकं काय विचारायचं?

एकूण आकड्यावरून सीमा ओलांडून किती पैसा आला ते कळतं. तो कोणी, कोणाला, कुठल्या वाटेनं पाठवला आणि आला नसता तर घरात काय झालं असतं, हे घरातच कळतं. पण 'किती आला' हेसुद्धा एकूण आकडा वाटतो तितकं नीट सांगत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

व्यवहारतोल म्हणजे देशाच्या बाकी जगाशी झालेल्या व्यवहारांचा हिशेब. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या त्यासाठीच्या नियमावलीची सहावी आवृत्ती २००९ची. ज्याला आपण सरसकट रेमिटन्स म्हणतो ते तिच्यात दोन खात्यांत विभागलेलं आहे. पहिलं खातं व्यक्तिगत हस्तांतरणांचं: परदेशात राहणाऱ्या कुटुंबाकडून इथल्या कुटुंबाला आलेला पैसा. दुसरं खातं कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याचं: वर्षभरापेक्षा कमी काळासाठी बाहेर गेलेले हंगामी कामगार, रोज सीमा ओलांडून कामाला जाणारे, आणि गंमत म्हणजे आपल्याच देशातल्या परकीय वकिलातीत काम करणारे स्थानिक कर्मचारी. वकिलातीत नोकरी करणाऱ्या ज्या चालकानं उभ्या जन्मात देश सोडलेला नाही त्याचा पगारही या खात्यात 'परदेशातून आलेला' ठरतो, कारण वकिलात ही हिशेबापुरती तिच्या देशाचा भाग असते. हंगामी कामगाराचा इथे पूर्ण पगार मोजला जातो, तिकडे खाण्यापिण्यावर आणि खोलीच्या भाड्यावर गेलेल्या भागासह. नियमावलीत कर, सामाजिक विम्याची वर्गणी, प्रवासखर्च वजा करून 'व्यक्तिगत रेमिटन्स' काढायची सोय आहे. पण सर्वांत जास्त वापरले जाणारे जागतिक बँकेचे तक्ते ही दोन खाती सरळ बेरजेनं घेतात. घरात पोचलेला पैसा आणि हा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथेच लक्षात यावं.

भारतापुरतं आणखी एक. अनिवासी भारतीयांच्या रुपयातल्या ठेवींतून देशातच काढलेली रक्कम व्यवहारतोलात खासगी हस्तांतरण म्हणून नोंदली जाते. ठेव ज्या दिवशी आली त्या दिवशी ते भांडवल होतं, काढली त्या दिवशी रेमिटन्स झालं. ठेवीदारानं ती आईच्या औषधाला काढली की स्वतःच्या फ्लॅटच्या हप्त्याला, हे बँकेला माहीत नसतं.

ठिकाणांचा प्रश्न याहून अवघड. पैसा बऱ्याचदा मध्यस्थ बँकेच्या साखळीतून येतो आणि नोंद होते ती साखळीतल्या शेवटच्या देशाच्या नावावर. आखातातल्या मजुराचा पैसा अमेरिकेतल्या बँकेमार्फत वळला तर तो अमेरिकेतून आलेला दिसतो. येणाऱ्या टोकालाही तेच. रिझर्व्ह बँकेनं बँकांकडून गोळा केलेल्या माहितीत २०१६-१७ साली केरळचा वाटा १९ टक्के आणि महाराष्ट्राचा १६.७ टक्के होता. २०२०-२१ साली महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर गेला, केरळ १०.२ वर आला. २०२३-२४ साली महाराष्ट्र २०.५ आणि केरळ १९.७, असे दोघं पुन्हा जवळपास बरोबरीवर. या उलथापालथीत माणसांच्या जाण्यायेण्याचा भाग किती आणि पैसा कुठल्या बँकेनं कुठल्या राज्याच्या नावावर दाखवला याचा भाग किती, हे त्या तक्त्यावरून ठरवता येत नाही. केरळात १९९८पासून ठराविक वर्षांनी स्थलांतराची कुटुंब-पाहणी होत आली आहे, त्यामुळे तिथे निदान पडताळून पाहायला दुसरा आरसा आहे. बाकी बहुतेक राज्यांना तो नाही.

काळातल्या तुलनेतही फसगत होते. १९९० ते २०१० या काळात विकसनशील देशांच्या नोंदलेल्या रेमिटन्समध्ये जी प्रचंड वाढ दिसते, तिच्यातला ७९ टक्क्यांपर्यंतचा भाग मोजणी सुधारल्यामुळे असू शकतो, असं या विषयातल्या एका गाजलेल्या शोधनिबंधाचं गणित आहे. पैसा आधीही येत होता, तो दिसू लागला. २०२० साली हेच उलट्या बाजूनं घडलं. त्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेनं साधारण २० टक्के घसरणीचा अंदाज दिला होता. वर्षअखेर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांची घट दोनेक टक्क्यांच्या आतच राहिली, आणि मेक्सिकोचा आकडा तर वाढला. स्थलांतरितांनी पोटाला चिमटा काढून पैसे पाठवले हे खरंच. पण सीमा बंद झाल्यावर खिशात घालून किंवा ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवायची वाट बंद झाली आणि तोच पैसा बँकेतून, ॲपमधून आला, हेही खरं. मेक्सिकोच्या अभ्यासात ज्या नगरपालिका आधी अनौपचारिक वाटेवर जास्त विसंबून होत्या तिथेच नोंदलेली वाढ अधिक निघाली. एकूण आकड्यात 'जास्त पैसा' आणि 'दिसणारा पैसा' सारखेच दिसतात. घरात विचारलं तर मार्ग बदलला की रक्कम बदलली हे दोन प्रश्नांत कळतं.

आणि देशांतर्गत स्थलांतर? तिथे तर प्रश्नच मिटला, कारण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घरी पाठवलेला पैसा व्यवहारतोलात येतच नाही. सीमा ओलांडली नाही म्हणजे नोंद नाही. भारतात राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४व्या फेरीनं (२००७-०८) घरातून बाहेर गेलेल्यांची आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांची चौकशी केली होती. अशा पाहण्यांखेरीज या पैशाचा माग काढायला दुसरा रस्ता नाही.

आता कुटुंबाच्या माहितीतून काय मिळतं ते. सर्वांत मोलाचं म्हणजे कार्यकारणभाव. फिलिपिन्समध्ये परदेशी गेलेल्यांची पाहणी, श्रमिक पाहणी आणि कुटुंबांच्या उत्पन्न-खर्चाची पाहणी एकमेकांना जोडता येतात. १९९७च्या आशियाई संकटात वेगवेगळ्या देशांची चलनं पेसोच्या तुलनेत वेगवेगळ्या प्रमाणात वर गेली. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन घरांपैकी एकाचा माणूस कुठल्या देशात आहे एवढ्यावर त्या घराचं नशीब ठरलं. परकीय चलन १० टक्क्यांनी वधारलं की पेसोतला रेमिटन्स सुमारे ६ टक्क्यांनी वाढला, मुलांचं शाळेत राहणं वाढलं, घरच्या छोट्या धंद्यात घातलेले तास वाढले. त्याच देशात पावसाच्या लहरीमुळे घराचं उत्पन्न घटलं तेव्हा स्थलांतरित असलेल्या घरांत त्या घटीचा सुमारे ६० टक्के भाग बाहेरून आलेल्या पैशानं भरून काढला. ज्या घरचं कोणी बाहेर नव्हतं तिथे असं काही झालं नाही. देशाच्या एका आकड्यातून हे कधीच निघालं नसतं, कारण त्यात सुस्थितीतली घरं आणि अडचणीतली घरं एकमेकांना खाऊन टाकतात.

दुसरी गोष्ट वाटपाची. सरासरी रेमिटन्स हा जवळजवळ निरुपयोगी आकडा आहे. बहुतेक घरांना शून्य, थोड्यांना मध्यम आणि मूठभरांना फार, असं वाटप असतं. सरासरी त्या मूठभरांच्या मागे धावते. मिळणाऱ्या घरांचं प्रमाण, मिळणाऱ्यांतला मध्यक (म्हणजे रकमा क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी रक्कम) आणि एकूण खर्चात त्या पैशाचा वाटा, हे तिन्ही वेगवेगळे द्यावेत.

हे सगळं खरं ठरतं ते पाहणी धड केली तर. आणि ती बिघडायला सुरुवात नमुन्यापासूनच होते.

समजा देशात ६ टक्के घरांना परदेशातून पैसा येतो. ३,००० घरांचा चांगला नमुना घेतला तरी अशी १८० घरंच हाती लागतील. त्यातली निम्मी अनौपचारिक मार्गानं पैसा घेतात असं निघालं, तर साध्या यादृच्छिक नमुन्यातही चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना ७ टक्के-बिंदूंच्या वर. आणि नमुना गावा-वस्त्यांच्या गटांतून घेतलेला असल्यानं प्रसरण, म्हणजे अंदाज किती डळमळतो याचं माप, दुप्पट धरलं तर १०च्या पुढे. म्हणजे उत्तर '४० ते ६० टक्के'. जिल्हावार, देशवार, मार्गवार तोडायला गेलात तर हातात काहीच उरत नाही. शिवाय स्थलांतर विखुरलेलं नसतं. एका गावातून निम्मी पोरं बाहेर, शेजारच्या गावातून कोणी नाही.

उपाय दोन टप्प्यांचा. निवडलेल्या वस्तीत आधी सगळ्या घरांची यादी करायची, दारातच दोन प्रश्न विचारून: या घरचं कोणी गेल्या पाच वर्षांत बाहेर राहायला गेलं आहे का, आणि गेल्या १२ महिन्यांत बाहेरून कोणाकडून पैसा किंवा वस्तू आली का. मग दोन याद्या वेगळ्या करून स्थलांतरितांच्या यादीतून जास्त दरानं घरं निवडायची. दीडशे घरांच्या वस्तीत अशी १८ घरं निघाली आणि ९ निवडली तर प्रत्येकाचा भार, म्हणजे ते किती घरांच्या वतीनं मोजायचं ती संख्या, २. उरलेल्या १३२ घरांतून ६ निवडली तर प्रत्येकाचा भार २२. हा भार विश्लेषणात लावायला विसरलं तर १५ पैकी ९, म्हणजे ६० टक्के घरं स्थलांतरितांची, असा आचरट निष्कर्ष निघतो. खरं प्रमाण १२ टक्के. हे विसरणारे कमी नाहीत.

यादी करताना रक्कम विचारू नये आणि लिहू तर अजिबात नये. कुठल्या घरात दर महिन्याला रोकड येते याची यादी चुकीच्या हातात पडली तर काय होईल हे सांगायला नको. मुख्य मुलाखतही शेजारी-पाजारी घेरून बसलेले असताना घेऊ नये. व्हिसाची किंवा कागदपत्रांची चौकशी विषयाला आवश्यक नसेल तर करूच नका. एका प्रश्नानं पुढची सगळी उत्तरं बंद होतात.

यानंतरची सर्वांत महत्त्वाची, आणि सर्वांत जास्त वेळा गाळली जाणारी गोष्ट म्हणजे गैरहजर माणसांची नोंद. बहुतेक पाहण्यांत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे आणि गेल्या १२ महिन्यांतले निदान ६ महिने घरात राहिलेले लोक. या व्याख्येनं स्थलांतरित पहिल्याच पानावर कुटुंबाबाहेर फेकला जातो. पुढे 'इतर उत्पन्न' या एका रकान्यात त्याचा पैसा पेन्शन, भाडं आणि भेटवस्तूंबरोबर पडतो. मग पैसा दिसतो, माणूस दिसत नाही. त्यासाठी सदस्यांच्या यादीनंतर दुसरी यादी हवी: घरप्रमुखाची बाहेर राहणारी मुलं, नवरा किंवा बायको, भावंडं, आणि पूर्वी या घरात राहून आता बाहेर असलेलं कोणीही. प्रत्येकाचं वय, शिक्षण, गेल्याचं वर्ष, सध्याचं ठिकाण, जाण्याआधी काय काम करत होता, आता काय करतो. आणि पैसा पाठवत नसला तरी त्याची नोंद. न पाठवणाऱ्यांशिवाय पाठवणाऱ्यांबद्दल काहीही बोलता येत नाही. कोण पाठवत नाही, किती वर्षांनी हात आखडतो, लग्न झाल्यावर काय होतं, हे सगळं त्या ओळींमध्ये असतं. पाहणीत एकच सुधारणा करायची मुभा असेल तर ही करावी.

रकमेचा प्रश्न प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वेगळा विचारायचा. 'गेल्या वर्षात किती आले?' असं एकदम विचारलं की माणूस नेहमीची रक्कम घेतो आणि बारानं गुणतो. महिन्याला २०० डॉलर येतात, म्हणून २,४०० सांगतो. प्रत्यक्षात नोकरी बदलताना तीन महिने काही आलं नाही, एका महिन्यात दवाखान्यासाठी ३०० आले, उरलेले आठ महिने २००. बेरीज १,९००. सांगितलेला आकडा सव्वापट झाला. म्हणून क्रम असा ठेवावा: शेवटचा पैसा कधी आला, किती आला, त्याआधी कधी, गेल्या १२ महिन्यांत एकूण किती वेळा, नेहमीची रक्कम किती, नेहमीपेक्षा जास्त कधी आले आणि कशासाठी, कुठल्या महिन्यांत आलेच नाहीत. शक्य असेल तिथे फोनवरचे बँकेचे संदेश किंवा पावत्या पाहायला सांगाव्यात. सण, पेरणी, शाळा सुरू होणं अशा खुणांनी महिने आठवायला मदत होते. फक्त गेल्या महिन्याचं विचारून बारानं गुणू नका. सणाच्या महिन्यात पाहणी झाली की वर्षभराचा आकडा फुगतो.

रक्कम ज्या चलनात सांगितली त्याच चलनात लिहायची, शेजारी चलनाचा कोड, आणि रूपांतर नंतर कार्यालयात. प्रगणकानं दारात बसून तोंडी हिशेब केला की एकजण गेल्या वर्षीचा दर लावतो, दुसरा आजचा, तिसरा शून्य विसरतो. पाठवणीच्या खर्चाचं असंच. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत २०३०पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं ठरलं आहे. जागतिक सरासरी २०० डॉलर पाठवण्यासाठी अजून ६ टक्क्यांच्या आसपास फिरते. पण घेणाऱ्याला शुल्क माहीत नसतं, कारण ते पाठवणाऱ्यानं तिकडे दिलेलं असतं. आणि विनिमय दरातला कट तर दोघांनाही दिसत नाही. शेवटच्या एका व्यवहाराची तारीख, तिकडे भरलेली रक्कम आणि इथे मिळालेली रक्कम ही तीन माहिती मिळाली की त्या दिवसाच्या बाजारदराशी ताडून खरा खर्च काढता येतो. तारीख चार दिवस इकडेतिकडे झाली आणि चलन त्याच आठवड्यात हललं असेल तर मात्र तो हिशेब सोडून द्यावा.

मार्गाचा प्रश्न विचारताना 'हवाला' किंवा 'हुंडी' हे शब्द पर्यायांत छापून वाचून दाखवले तर कोणी हो म्हणत नाही. 'पैसे तुमच्या हातात कसे पडतात?' असं विचारावं. बँकेत जाऊन, फोनवर, टपालानं, गावी आलेल्या ओळखीच्या माणसाकडून, कोणी घरी आणून देतं, की तो स्वतः येताना घेऊन येतो. शेवटचे तीन पर्याय नंतर एकत्र करता येतात. एका अंदाजानुसार विकसनशील देशांत अनौपचारिक वाटेचा पैसा औपचारिक नोंदीच्या ३५ ते ७५ टक्के असतो. पट्टा एवढा रुंद आहे यातच घरगुती माहितीची टंचाई दिसते.

मग जे पैसे घरात येतच नाहीत ते. स्थलांतरित शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात भरतो, कर्जाचा हप्ता तिकडून कापला जातो, गावातल्या दुकानाची उधारी परस्पर चुकती होते, बांधकामाच्या ठेकेदाराला तो स्वतः पैसे देतो. विचारलं नाही तर घर म्हणतं, 'आम्हाला काही आलं नाही.' त्यांच्या दृष्टीनं ते खोटंही नाही. वस्तूंचं तसंच: फोन, कपडे, औषधं, सोनं. त्यांची किंमत 'इथे विकत घ्यायला किती पडलं असतं' या भाषेत विचारली तर उत्तर मिळतं. स्वतःच्या खात्यात साठवलेला पैसा वेगळा लिहावा, कारण तो घरखर्चाला आलेला नाही पण व्यवहारतोलात बहुधा मोजला गेला आहे. आणि उलट दिशेचा पैसा विसरू नये. जाण्याचा खर्च, दलालाची रक्कम, काम सुटल्यावर घरानं तिकडे पाठवलेले पैसे. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कित्येक घरांचा निव्वळ रेमिटन्स ऋण असतो आणि नुसता 'आलेला' पैसा मोजणाऱ्या पाहणीत तेच घर लाभार्थी म्हणून दिसतं.

उत्तर कोण देतं हाही डेटाचाच भाग आहे. कतारमध्ये काम करणारे भारतीय आणि केरळमधल्या त्यांच्या पत्नी यांना वेगवेगळं विचारून झालेल्या एका अभ्यासात पत्नींनी सांगितलेली नवऱ्याची कमाई प्रत्यक्षापेक्षा कमी निघाली. मुद्दा कोण खोटं बोललं हा नाही. दोन टोकांना माहिती सारखी नसते आणि पाठवायच्या रकमेचं गणित त्या फरकावरच चालतं. म्हणून स्थलांतरिताच्या कमाईचा प्रश्न घरच्यांना विचारून त्यावर 'कमाईच्या इतके टक्के पाठवतो' असे निष्कर्ष बांधू नयेत. पैसा कोणाच्या हातात पडतो आणि खर्च कोण ठरवतं हे दोन वेगळे प्रश्न ठेवावेत. सासऱ्याच्या खात्यात आलेला आणि सुनेच्या खात्यात आलेला पैसा घरात सारखा फिरत नाही. घरप्रमुख म्हणून बाहेर असलेल्या नवऱ्याचं नाव लिहायची सवय असेल, तर प्रत्यक्ष घर चालवणारी बाई विश्लेषणातून गायब होते.

एक प्रश्न मात्र काढून टाकावा, कितीही जुना असला तरी: 'बाहेरून आलेला पैसा कशावर खर्च केला?' घरात आलेला पैसा बाकीच्या पैशात मिसळतो. नवऱ्याच्या पैशातून धान्य आणलं, म्हणून घरच्या कमाईतले पैसे सुटले आणि त्यातून मोटरसायकल आली. मग रेमिटन्स धान्यावर गेला की मोटरसायकलवर? लोक अशा प्रश्नाला प्रतिष्ठित उत्तर देतात: अन्न, शिक्षण, औषध. त्या उत्तरांवरून 'रेमिटन्स उत्पादक कामाला लागत नाही' अशी वाक्यं वर्षानुवर्षं छापली गेली. पूर्ण खर्चाची नोंद घ्या, मालमत्ता आणि कर्ज विचारा, आणि तुलना विश्लेषणात करा.

विश्लेषणातली सर्वांत पसरलेली चूक वजाबाकीची. गावी पाच माणसं आहेत, त्यांची स्वतःची वार्षिक कमाई २,१०० डॉलर, बाहेरून १,५०० येतात. दरडोई ७२०. 'रेमिटन्स नसता तर' म्हणून १,५०० वजा केले की दरडोई ४२०. दारिद्र्यरेषा ४८० धरली तर घर गरीब ठरतं आणि रेमिटन्सनं त्याला वर काढलं असा निष्कर्ष लागतो. पण रेमिटन्स नसता म्हणजे माणूस घरीच असता. जाण्याआधी तो वर्षाला ९०० कमवत होता. मग घराचं उत्पन्न ३,०००, खाणारी तोंडं सहा, दरडोई ५००. घर आधीही रेषेच्या वरच होतं. याच कारणानं गैरहजर माणसाचं शिक्षण आणि जाण्याआधीचं काम विचारायचं. उलट बाजूही आहे: तो गेल्यावर कोणी मजुरी सोडली असेल, शेत बटाईनं दिलं असेल, तर २,१०० हा आकडाच मुळात स्थलांतरानं बदललेला असतो.

शेजारच्या स्थलांतरित नसलेल्या घराशी तुलना करूनही हा पेच सुटत नाही, कारण जाणारे आणि न जाणारे मुळात सारखे नसतात. याचं माप टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटदेशात मिळालं. न्यूझीलंडनं २००२ साली तिथून स्थायिक व्हायला येऊ पाहणाऱ्या अर्जदारांसाठी सोडत पद्धत आणली. जिंकलेले आणि हरलेले यांच्यात फरक फक्त चिठ्ठीचा, म्हणून ती स्वच्छ तुलना. स्थलांतरानं कमाई किती वाढली हे सोडतीवरून काढलं आणि नेहमीच्या पद्धतींनीही काढलं, तेव्हा बऱ्याचशा नेहमीच्या पद्धती २० ते ८२ टक्क्यांनी फुगवून सांगतात असं निघालं. प्रत्येकाला सोडत मिळत नाही. पण त्याच घरांकडे दोन-तीन वर्षांनी परत जाता आलं तर निदान घराचे न बदलणारे गुण तुलनेतून बाजूला काढता येतात. परत जायचं असेल तर पहिल्याच फेरीत दोन संपर्क क्रमांक आणि एका नातेवाइकाचा पत्ता संमतीनं घेऊन ठेवावा. स्थलांतरितांची घरं इतरांपेक्षा जास्त हलतात आणि अख्खं घरच बाहेर गेलं की उत्तर द्यायला कोणी उरत नाही. ही अख्खी गेलेली घरं कुटुंब-पाहणीचा कायमचा आंधळा कोपरा आहेत. यादी करताना कुलूपबंद घराचे लोक कुठे गेले हे शेजाऱ्यांना विचारून लिहिलं तर त्याचा आकार तरी कळतो.

शेवटी दोन आकड्यांच्या भांडणाबद्दल. पाहणीतली बेरीज आणि मध्यवर्ती बँकेचा आकडा जुळणार नाहीत; पाहणीतली बेरीज सहसा बरीच कमी येते. लगेच सगळ्या घरांच्या रकमा दुप्पट-तिप्पट करून ती जुळवण्याचा मोह टाळावा. फरकाची कारणं घराघरांत सारखी वाटलेली नसतात. अल्पमुदतीच्या कामगारांचा पूर्ण पगार आणि स्वतःच्या खात्यातली बचत बँकेच्या बाजूला जास्तीची असते. श्रीमंत घरं पाहणीला दारच उघडत नाहीत. हातोहात आलेला पैसा मात्र फक्त पाहणीतच असतो. सरसकट गुणलं तर गरीब घराचे २०० फुकटच ६०० होतात आणि दारिद्र्याचे सगळे निष्कर्ष वाया जातात. त्यापेक्षा बँकेच्या आकड्यातून मोबदला आणि स्वतःच्या खात्यातल्या रकमा वेगळ्या काढून उरलेल्याशी तुलना करावी, आणि तरी उरलेला फरक तसाच छापावा.

वेगळ्या पाहणीला पैसा नसेल तर चालू असलेल्या खर्चाच्या किंवा श्रमिक पाहणीत एक पान जोडता येतं: गैरहजर माणसांची यादी, प्रत्येकाचं ठिकाण आणि गेल्याचं वर्ष, जाण्याआधीचं काम, गेल्या १२ महिन्यांत किती वेळा आणि मिळून किती पाठवलं, शेवटचे पैसे कसे हातात पडले, घरानं त्याला किती पाठवलं. प्रत्येक गैरहजर माणसामागे पाच-सात मिनिटं जातात. पुढच्या फेरीत कुटुंबाची व्याख्या सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेऊ नका, आणि न्यावीच लागली तर एक फेरी दोन्ही व्याख्यांनी मोजा. नाहीतर दोन फेऱ्यांमधला फरक स्थलांतराचा की व्याख्येचा हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.